जहाजी व्यापाराची परिभाषा आणि आपला व्यापारी वर्ग

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत जहाजी मालवाहतुकीच्या परिभाषेवर एक लेख असावा, असे आम्ही सुचविले तेव्हा काही ज्येष्ठ सभासदांनी हसून विचारले, "बिरसा येथे बंदर केव्हा झाले?" प्रश्न गैर नव्हता. आपले गाव मैकलच्या डोंगराळ प्रदेशात वसलेले. गावाला अद्याप रेल्वेसुद्धा नाही. धान, मोहफुले, तेंदूपत्ता, किराणा आणि कापड हा येथील व्यापार. शेजारी मलाजखंडची तांब्याची खाण. पूर्वेचा काय किंवा पश्चिमेचा काय, कोणताही समुद्रकिनारा येथून शेकडो मैल दूर. तेव्हा एफ.ओ.बी., डेमरेज, जनरल अ‍ॅव्हरेज हे शब्द मुंबईच्या बॅलार्ड इस्टेटीतील कचेऱ्यांनी सांभाळावेत आणि आपण आपली तोलाई पाहावी, असे वाटणे स्वाभाविक आहे. तथापि आमचे मत याच्या अगदी उलट आहे, आणि ते का, हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

प्रथम एक इतिहास सांगू. आपला बालाघाट जिल्हा जुन्या मध्यप्रांतात होता तेव्हापासून येथील मँगनीज परदेशी जात आले आहे. हे जड खनिज समुद्रापर्यंत स्वस्तात न्यावयाचे तर पूर्व किनाऱ्यावर चांगले बंदर हवे, या विचाराने बंगाल-नागपूर रेल्वेने १९२७ ते १९३३ या काळात विशाखापट्टणचे बंदर बांधले, आणि १९ डिसेंबर १९३३ रोजी लॉर्ड विलिंग्डन यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. मध्यप्रांताच्या मँगनीजला वाट मिळावी हा त्या बांधणीचा एक प्रमुख हेतू होता. म्हणजे ज्या समुद्राला आपण परका समजतो, त्याच्या काठी एक अख्खे बंदर आपल्या भागातील खनिजासाठी उभे राहिले. बंदर बांधणारे, जहाज आणणारे, विमा उतरविणारे आणि माल घेणारे असे सर्वजण त्या व्यापाराची भाषा जाणत होते. ज्यांच्या भूमीतून ते खनिज निघाले, त्यांना मात्र मजुरीखेरीज दुसरा शब्द बहुधा ठाऊक नव्हता. आमच्या लेखाचे सार वस्तुतः एवढ्यातच आले आहे.

आता खनिज सोडून धानाकडे वळू. बालाघाटचा चिन्नोर तांदूळ सुगंधासाठी प्रसिद्ध असून २०२१ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळाले. साध्या तांदळाची गोष्ट तर याहून मोठी आहे. जगाच्या तांदूळ-व्यापारात भारताचा वाटा सुमारे चाळीस टक्के आहे, आणि बिगर बासमती तांदळाचा मोठा भाग काकिनाडा व विशाखापट्टण या पूर्वेकडील बंदरांतून बाहेर जातो. बंदरावर जहाज थांबले की त्याचा धक्का रायपूर-गोंदियाच्या गिरण्यांवरून आपल्या बाजारापर्यंत येतो. २० जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने बिगर बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली, हे सर्वांना आठवत असेलच. ती बंदी २८ सप्टेंबर २०२४ रोजी उठली. परंतु त्या बंदीच्या हुकुमातील एका गोष्टीकडे फार थोड्यांचे लक्ष गेले. कोणता माल सुटणार आणि कोणता अडकणार, हे काही शब्दांवर ठरले होते. ज्याची जहाजावर भरणी सुरू झाली होती, ज्याचे शिपिंग बिल दाखल होऊन जहाज बंदरात लागले वा नांगरले होते, अथवा जो माल जकात खात्याच्या ताब्यात देऊन नोंदला गेला होता, तो सुटला. जो गोदामात होता किंवा ट्रकमध्ये रस्त्यावर होता, तो राहिला. 'शिपिंग बिल दाखल होणे' म्हणजे काय, हे ज्याला ठाऊक होते त्याने आपला माल कोठे उभा आहे ते त्याच दिवशी ओळखले. ज्याला ठाऊक नव्हते त्याने दुसऱ्याच्या फोनची वाट पाहिली.

आमच्या परिचयातील एका तरुण व्यापाऱ्याची हकीकत येथे सांगणे उपयुक्त होईल. नाव-गाव सांगण्याचे प्रयोजन नाही. त्याने आखाती देशातील एका ग्राहकाशी दोन कंटेनर तांदळाचा सौदा केला. कराराच्या कागदावर एफ.ओ.बी. ही तीन अक्षरे होती. माल बंदरापर्यंत पोहोचविला की आपली जबाबदारी संपली, एवढाच अर्थ त्याला कोणी सांगितला होता. त्याने देशांतर्गत कंटेनर डेपोत माल सोपविला, पावती घेतली आणि निश्चिंत मनाने घरी परतला. दिवस पावसाळ्याचे होते. डेपोतून निघून जहाजावर चढेपर्यंतच्या काळात कोठे तरी एका कंटेनरमध्ये पाणी शिरले आणि पोती भिजली. नुकसान कोणाचे? त्याला वाटले, ग्राहकाचे. कागद म्हणाला, त्याचेच. कारण एफ.ओ.बी. म्हणजे 'फ्री ऑन बोर्ड'. माल प्रत्यक्ष जहाजावर चढेपर्यंतची सर्व जोखीम विक्रेत्याच्या माथी. माल त्याच्या हातातून केव्हाच गेला होता. जोखीम मात्र त्याच्याच घरी राहिली होती. त्याने सौदा करताना एफ.सी.ए., म्हणजे 'फ्री कॅरिअर', ही अक्षरे घालून डेपोचे नाव लिहिले असते, तर वाहतूकदाराच्या स्वाधीन माल केला त्या क्षणीच जोखीम ग्राहकाकडे गेली असती. भाव तोच राहिला असता, ग्राहकही तोच. अक्षरे तेवढी निराळी असती, आणि वर्षाचा नफा वाचला असता.

ही अक्षरे कोणी मनाने बनविलेली नाहीत. पॅरिस येथील आंतरराष्ट्रीय व्यापारी मंडळाने, म्हणजे इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सने, १९३६ साली अशा संज्ञांचे अर्थ प्रथम निश्चित केले. त्यांना 'इन्कोटर्म्स' म्हणतात, आणि त्यांची ताजी आवृत्ती २०२० ची आहे. कंटेनरमधून जाणाऱ्या मालासाठी एफ.ओ.बी. वापरू नये, एफ.सी.ए. वापरावे, असा त्या मंडळाचाच सल्ला आहे. असे असूनही समुद्रापासून दूर राहणारा व्यापारी सवयीने एफ.ओ.बी. लिहीत राहतो. ज्याचा माल जहाजापूर्वी शेकडो मैल जमिनीवरून जातो, त्याने तर हा भेद पाठच करून ठेवावयास हवा.

दुसरा फसवा शब्द सी.आय.एफ. म्हणजे किंमत, विमा व भाडे. विक्रेत्याने परदेशी बंदरापर्यंतचे भाडे भरावयाचे व विमा उतरवावयाचा. येथे पुष्कळांची समजूत अशी होते की, भाडे जेथवर भरले तेथवर जोखीमही आपली. तसे नाही. जोखीम येथेही माल जहाजावर चढताच ग्राहकाकडे जाते. खर्च एका बंदराला संपतो आणि जोखीम दुसऱ्या बंदराला. शिवाय या अटीखाली विक्रेत्याने उतरवावयाचा विमा, निराळे ठरले नसेल तर, किमान संरक्षणाचा असतो. आग, जहाज रुतणे, बुडणे, टक्कर होणे अशी मोठी संकटे त्यात येतात. पावसाने पोती भिजली किंवा चोरी झाली, तर तो विमा कामास येत नाही. तांदळासारख्या ओलाव्याला भिणाऱ्या मालाच्या व्यापाऱ्याने 'विमा आहे' एवढ्यावर समाधान मानू नये. कोणत्या कलमांचा आहे, हे विचारावे.

तिसरा शब्द डेमरेज. रेल्वेने माल मागविणाऱ्यांना हा परिचित आहे. वाघीण ठरलेल्या वेळेत रिकामी केली नाही तर डेमरेज, आणि उतरविलेला माल आवारातून वेळेवर उचलला नाही तर वारफेज, हे आपल्या वाडवडिलांनीही भरले आहे. कंटेनरच्या व्यापारात त्याला एक जोडीदार मिळाला, तो म्हणजे डिटेन्शन. फुकट मुदत संपल्यावर भरलेला कंटेनर बंदराच्या आवारात पडून राहिला तर सामान्यतः डेमरेज. आवाराबाहेर नेलेला कंटेनर वेळेत परत केला नाही तर डिटेन्शन. दोन्ही आकार दिवसागणिक चढतात, आणि मुदत लांबली तर दरही वाढतो. सौदा मोडला, कागद अडकला, सुटी आली, तरी हे घड्याळ थांबत नाही.

चौथा शब्द सर्वांत विचित्र. जनरल अ‍ॅव्हरेज. इंग्रजी शाळेत शिकलेला मुलगा याचा अर्थ 'सर्वसाधारण सरासरी' असा सांगेल. येथे अ‍ॅव्हरेज म्हणजे समुद्रावरील नुकसान. जहाज संकटात सापडले आणि सर्वांच्या बचावासाठी काही माल समुद्रात फेकावा लागला किंवा मोठा खर्च करावा लागला, तर तो भार जहाजाचा मालक व ज्यांचा ज्यांचा माल त्या जहाजावर आहे ते सर्व, आपापल्या मालाच्या किमतीच्या प्रमाणात उचलतात. ही रीत फार प्राचीन असून तिचे मूळ ऱ्होड्स बेटाच्या सागरी कायद्यात सांगतात. ती जुनी झाली असे मात्र कोणी समजू नये. मार्च २०२१ मध्ये 'एव्हर गिव्हन' हे प्रचंड जहाज सुवेझ कालव्यात सहा दिवस अडकले. त्यावर सुमारे अठरा हजार कंटेनर होते. मालकाने जनरल अ‍ॅव्हरेज जाहीर केले, आणि ज्यांचा माल सुरक्षित होता त्यांनाही हमी दिल्यावाचून तो मिळेना. ज्याने विमा उतरविला होता त्याच्या वतीने विमा कंपनीने हमी दिली. विमा नसलेल्याला स्वतःच्या पदरची रोख अनामत ठेवण्याची पाळी येते. एकाच कंटेनरचा छोटा धनी असला तरी त्याची या वर्गणीतून सुटका नाही.

हे सर्व ऐकून कोणी म्हणेल की, ही इंग्रजांची परिभाषा आहे, आपल्याला ती कशी साधणार? आम्हांला हे म्हणणे मुळीच मान्य नाही. आपल्या पूर्वजांनी याहून बारीक परिभाषा सहज वापरली. हुंडीचेच पाहा. दर्शनी हुंडी व मुदती हुंडी यांतील भेद दुकानावर बसणाऱ्या दहा वर्षांच्या मुलालाही कळत असे. हुंडी गहाळ झाली तर पेठ, पेठही गहाळ झाली तर परपेठ, अशी सोय होती. समुद्रावरील मालासाठी तर जोखमी हुंडी होती. माल सुखरूप पोहोचला तरच ती पटावयाची. जहाज बुडाले तर ती विकत घेणाऱ्याने नुकसान सोसावयाचे. पैसा पाठविणे, मालावर उचल देणे आणि विमा ही तीन कामे त्या एका कागदाने होत. आजच्या बिल ऑफ लेडिंगकडे, म्हणजे जहाजी बिल्टीकडे, याच दृष्टीने पाहिले तर ती परकी वाटणार नाही. तीही एकाच वेळी तीन कामे करते: माल मिळाल्याची पावती, वाहतुकीच्या कराराचा पुरावा आणि मालावरील हक्काचा दस्तऐवज. तिच्याही बहुधा तीन अस्सल प्रती निघतात, आणि एकीवर माल सोडविला की उरलेल्या निरर्थक होतात. ज्याच्या हाती नावावर करून दिलेली अस्सल बिल्टी, त्याचा माल. म्हणून पैसे हाती येण्यापूर्वी ती सोडून देणे म्हणजे गोदामाची किल्ली देणे होय. या कागदासंबंधीचा आपल्याकडील कायदा १८५६ चा होता. २०२५ साली त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. कायदाही आपल्या भूमीवरचा आहे. मग अज्ञान किती दिवस बाळगावयाचे?

शब्दांचेही तसेच. आपल्या बाजारात रोज पुकारला जाणारा 'लिलाव' हा शब्द पोर्तुगीज लोकांबरोबर जहाजातून आला. 'पगार'ही तसाच आला. 'बंदर' फारसीतून आला. आज त्यांना परके कोण म्हणेल? आपले गुजराती बांधव जहाजी भाड्याला 'नूर' म्हणतात. म्हणून जड संस्कृत प्रतिशब्द बनवून ते पाठ करीत बसावे, असे आमचे म्हणणे नाही. शब्द डेमरेज असला तरी चालेल. त्याचा अर्थ मात्र आपल्या भाषेत, आपल्या हिशेबाच्या वहीत उतरला पाहिजे.

अर्थ न जाणता स्वीकारलेला शब्द व्यापाऱ्याच्या पायांतील बेडी कसा होतो, याचा धडा आपल्याच समाजातील एका थोर पुरुषाच्या चरित्रात आहे. सोलापूरच्या जैन कुटुंबात १८८२ साली जन्मलेले शेठ वालचंद हिराचंद यांनी नरोत्तम मोरारजी प्रभृतींच्या साह्याने १९१९ साली सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापिली, आणि ५ एप्रिल १९१९ रोजी त्यांचे 'लॉयल्टी' जहाज मुंबईहून लंडनकडे निघाले. तोच दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. त्यांच्यापुढे परदेशी जहाज कंपन्यांनी ठेवलेला मोठा अडसर केवळ भाडेकपातीचा नव्हता. 'डिफर्ड रिबेट' या गोड नावाची एक रीत होती. कलकत्त्याच्या व्यापारात १८७७ पासून रूढ झालेल्या या रीतीत व्यापाऱ्याने भरलेल्या भाड्याचा काही भाग सूट म्हणून मिळे. पण तो लगेच नव्हे. पुढचे काही महिनेही त्याने संघातील कंपन्यांच्याच जहाजांतून माल पाठविला, तर मागची सूट हाती येई. एकदा जरी स्वदेशी जहाजात माल चढविला तरी साठलेली सर्व सूट बुडे. व्यापाऱ्याला वाटे, आपल्याला सवलत मिळत आहे. प्रत्यक्षात त्याचाच पैसा त्याच्या निष्ठेसाठी ओलीस राहत असे. अशा बंधनांशी झुंजत वालचंदांनी भारतीय जहाजे समुद्रावर टिकविली. एवढ्यावरच न थांबता त्यांनी १९४१ साली आपल्याच भागाच्या खनिजासाठी बांधलेल्या त्या विशाखापट्टण बंदरात जहाजबांधणीचा कारखाना उभा केला, आणि १४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते तेथील 'जलउषा' जहाजाचे जलावतरण झाले. सोलापूरही समुद्रकाठचे गाव नव्हे, हे आमच्या वाचकांनी ध्यानात घ्यावे.

या परिभाषेला एक नीतीची बाजूही आहे, आणि आपल्या मंडळाच्या अंकात ती सांगितल्यावाचून राहवत नाही. पोती फाटकी किंवा ओली असतील तर जहाजाचा अधिकारी बिल्टीवर तसा शेरा मारतो. शेरा नसलेल्या बिल्टीला 'क्लीन' म्हणतात, आणि बँक तीच स्वीकारते. मग हमीपत्र लिहून देऊन शेरा काढवून घेणे, किंवा भरणीची तारीख उलटली असता मागची तारीख घालून घेणे, असे प्रकार काही ठिकाणी चालतात. 'धंद्यात चालायचेच', असे त्याचे समर्थनही होते. आपल्या आचार्यांनी श्रावकाच्या सत्यव्रताच्या अतिचारांत 'कूटलेखक्रिया', म्हणजे खोटा लेख करणे, हा दोष शतकानुशतकांपूर्वी सांगून ठेवला आहे. मागच्या तारखेची बिल्टी हा कूटलेखच होय. तो व्यवहारदृष्ट्याही घातक आहे. कारण असत्य उघडकीस आले की अशा हमीपत्राला न्यायालयात सहसा आधार मिळत नाही.

शेवटी एका आक्षेपाचा विचार करू. 'हे सर्व आमचा क्लिअरिंग एजंट पाहतो', असे आपले बंधू सांगतात. पाहतो, हे खरे. आणि त्याच्यावाचून चालणारही नाही. परंतु पूर्वीच्या शेठजींकडेही विश्वासू मुनीम होतेच. तरीही संध्याकाळी दिवा लागल्यावर शेठजी स्वतः रोजमेळ वाचीत. मुनीमावर अविश्वास म्हणून ते वाचीत नसत. सही आपली आणि जबाबदारी आपली, हे जाणून वाचीत. एजंट सल्ला देईल, पण नुकसानीचा आकडा तुमच्याच खात्यावर पडेल.

म्हणून मंडळापुढे आम्ही काही साध्या सूचना ठेवतो. पन्नासएक संज्ञांची एक लहान पुस्तिका मंडळाने सोप्या मराठीत तयार करावी, आणि प्रत्येक संज्ञेला धान-तांदळाच्या व्यापारातील उदाहरण द्यावे. वर्षातून एकदा नागपूरहून या विषयातील जाणत्या गृहस्थास बोलावून सभासदांसाठी दोन दिवसांचा वर्ग भरवावा. त्यास तरुण मुलांबरोबरच कन्या व सुना यांनाही आवर्जून बोलवावे. कारण पुष्कळ दुकानांची पत्रे व हिशेब आज त्याच पाहतात. एका अडकलेल्या कंटेनरच्या भुर्दंडाहून या वर्गाचा खर्च अधिक होणार नाही.

पुस्तिका निघेपर्यंत निदान एवढे तरी व्हावे. कोणत्याही करारावर सही करण्यापूर्वी प्रत्येक सभासदाने तीन प्रश्न विचारावेत. जोखीम नेमकी कोठे ग्राहकाकडे जाते? भाडे व विमा कोणाकडे, आणि विमा कोणत्या कलमांचा? विलंब झाल्यास रोजचा आकार कोणाच्या माथी? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे समजतील अशा भाषेत मिळेपर्यंत सही करू नये. ज्याची पोती भिजली त्या तरुणाने हे तीन प्रश्न आता आपल्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहेत. इतरांना ते नुकसान सोसल्यावाचून लिहिता यावेत, एवढीच आमची इच्छा आहे.